वानरडबी

कवडू सिडामच्या मृत्यूचा अहवाल सात पानांचा होता. त्यातलं एकच वाक्य डॉ. वसुमती खानोलकरांनी लाल पेनाने अधोरेखित केलं होतं : ‘मृतदेह सापडला तेव्हा कमरेची हाकडबी चालू होती, ती एकूण सव्वीस मिनिटं अखंड वाजल्याची नोंद आहे.’

कोसंबीच्या जंगलाला लागून असलेल्या प्राणिवर्तन केंद्राच्या नियंत्रण कक्षात त्या मार्चमधल्या सकाळी, सहाला दहा मिनिटं कमी असताना, तीन माणसं होती. केंद्रप्रमुख वसुमती, हाकडबीची यंत्रणा उभारणारा अभियंता विभव बोबडे, आणि तीस वर्षं वाघांचा माग काढत आलेले सोमाजी कुळमेथे. समोरच्या भिंतीवर जंगलाचा नकाशा उजळलेला होता. पिवळे ठिपके म्हणजे गळ्यात संदेशपट्टा असलेले एकोणीस वाघ. हिरवे ठिपके म्हणजे कमरेला हाकडबी बांधलेली माणसं. मोहाचा हंगाम ऐन भरात होता. जंगलातलं प्रत्येक मोहाचं झाड पिढ्यान्‌पिढ्या कुठल्या ना कुठल्या घराचं असतं, आणि पहाटे ज्याचा तो आपापल्या झाडाखाली फुलं वेचायला जातो. हिरवे ठिपके सहाशेच्या वर होते.

“डबी पास आहे, मॅडम,” विभव म्हणाला. “बॅटरी, आवाज, वेळ, सगळं तीनदा तपासलं. वाघीणच नापास झाली.”

“वाघीण नापास होत नसते, विभव. पेपर आपण काढला होता.”

हाकडबीची कल्पना वसुमतीचीच. वाघ दिसला की वानर झाडाच्या शेंड्यावरून खोकल्यासारखी हाक देतं. ती जातभाईंना सावध करण्यासाठी असते, असा सर्वसाधारण समज होता. वसुमतीने आठ वर्षांच्या नोंदींवरून दाखवून दिलं, की ती वाघासाठीही असते. ‘तू मला दिसला आहेस,’ एवढाच तिचा अर्थ. लपून गाठणं हेच वाघाचं बळ. ते गेलं की तो शिकार सोडून वाट बदलतो. मग ही हाक माणसाच्याच कमरेला बांधली तर? वाघ दोनशे मीटरच्या आत आला की त्याच्या पट्ट्याचा संदेश ओळखून डबी वानरासारखी खोकू लागे. गावांनी तिचं नाव वानरडबी ठेवलं. “म्हाताऱ्या वांदराले दमा झाल्यावानी वराडते,” असं सोमाजी म्हणत. पण आधी वर्षाला चौदा माणसं मरत होती, आणि डबी आल्यावर तीन वर्षांत एकही मेलं नव्हतं.

या फेब्रुवारीत एक गेलं. मार्चमध्ये कवडू. दोन्ही वेळा नऊ नंबरची वाघीण.

टेबलावर एक डबी पडली होती. वसुमतीने ती बाजूला सारली. “ही कोणाची?”

“कवडूच्या बाईची, वनमालाची,” सोमाजी म्हणाले. “काल वापस केली माह्यापाशी. म्हणे, हे बांधूनच माणूस गेला, मले नको.”

“आणि कवडूची?”

“ते तिथंच. वाघानं नेलेल्या माणसाच्या अंगावरची चीज घरात आणत नाहीत आमच्यात. मेला त्या झाडालेच बांधतात.”

विभवने नकाशावर वाघिणीच्या चार महिन्यांच्या वाटा आणल्या. डिसेंबरपर्यंत ती एकेचाळीस वेळा हाक ऐकून एकेचाळीस वेळा मागे फिरली होती. जानेवारीपासून रेषा वेगळ्या दिसत होत्या. हाक सुरू झाली की ती थांबे, वळे, आणि सरळ हाकेच्या दिशेने चालत येई. चार वेळा ती शेवटच्या शंभर मीटरवरून परतली होती. दोन वेळा परतली नव्हती.

“डिसेंबरमध्ये काय बदललं?” वसुमतीने विचारलं.

“कक्षा. दोनशे मीटरवर वाजते तोवर वाघ जवळ आलेला असतो, भीतीनेच जीव जातो, म्हणून गावांनी मोर्चा काढला. आपण ती एक किलोमीटर केली.”

वसुमतीने नकाशावरची वाघिणीची एक वाट बोटाने गिरवली.

“म्हणजे असं बघ. वाघीण आपल्या वाटेने चालली आहे. तिला माणूस दिसलेला नाही, वास आलेला नाही. आणि एक किलोमीटरवरून कोणीतरी ‘तू मला दिसलीस’ म्हणून ओरडतं. ते खोटं आहे. खरं वानर वाघ हलला की तोंड फिरवतं, फांद्या बदलतं. हे जमिनीवरून ओरडतं, एकाच जागेवरून. त्या हाकेत वाघिणीला कळण्यासारखी एकच गोष्ट खरी आहे.”

“कोणती?”

“इथे माणूस आहे.”

विभवने खुर्ची मागे सरकवली. “तीन वर्षं आपण त्यांना घाबरवत होतो. आता पत्ता सांगतोय?”

“आणि तो माणूस उठून पळतही नाही. डबी वाजली की झाडाला पाठ लावून गप्प बसा, वाघाला माणसाचा आवाज कळू देऊ नका. हा नियम मी लिहिला आहे.”

“पहिले बाया झाडाझाडावरून एकमेकीले हाका देत,” सोमाजी म्हणाले. “जंगल दणाणून जाय. आता एक बाई तोंड उघडत नाही.”

तेवढ्यात नकाशाच्या उत्तर टोकाला एक हिरवा ठिपका लाल झाला. क्रमांक ४१७. त्याच्यापासून नऊशे साठ मीटरवर पिवळा नऊ होता.

सोमाजी उभे राहिले. “आमची फुला हाय ते.”

विभवने वायरलेसवर जीपच्या चालकाला गाठलं. जीपला पोहोचायला चाळीस मिनिटं लागणार होती. वाघिणीला पंधरा. जंगलात फोन लागत नव्हते, आणि डबीतून बोलता येत नव्हतं.

“बंद कर डबी,” वसुमती म्हणाली.

“इथून बंद होत नाही. वाघ कक्षेत असताना कोणालाही बंद करता येऊ नये, अशी मागणी होती. आपणच सील केली.”

पिवळा ठिपका थांबला होता. मग तो वळला. नऊशे तीस.

सोमाजींची बायको फुलाबाई आता झाडाला पाठ लावून बसली असेल, हे तिघांनाही ठाऊक होतं.

“बंद करता येत नाही,” विभव सावकाश म्हणाला, “पण चालू करता येते. वाघाच्या पट्ट्याचा खोटा संदेश पाठवला तर दुसरी कुठलीही डबी वाजवता येईल. वाघीण तिकडे वळेल.”

“प्रत्येक डबीमागे माणूस आहे.”

“कवडूच्या नाही,” सोमाजी म्हणाले. त्यांची नजर नकाशावरून हलली नाही. “ते झाडाले हाय.”

विभवने शोधलं. क्रमांक ३८८, वाघिणीच्या दक्षिणेला तेराशे मीटर. डबी उन्हावर चालणारी होती, त्यामुळे अजून जिवंत होती. “आवाज पोहोचेल. आणि तिथे तिचं पोट भरलेलं आहे. ती विसरली नसणार.”

“आजूबाजूला कोण आहे?”

“सहाशे मीटरपर्यंत एकही हिरवा ठिपका नाही. पूर्ण मोकळं.”

वाघीण आठशे ऐंशीवर आली होती. वसुमतीने मान हलवली. विभवने कळ दाबली. ३८८ लाल झाला.

पिवळा ठिपका दीड मिनिट जागचा हलला नाही. दोन्हीकडून हाका येत होत्या. मग तो दक्षिणेकडे निघाला. नऊशे. नऊशे साठ. एक हजार दहा. ४१७ पुन्हा हिरवा झाला.

विभवने टेबलावर मूठ आपटली. “सोमाजी, वहिनींना सांगा, संध्याकाळी मोहाची भाजी पाहिजे!”

सोमाजी खाली बसले. ते हसले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून ते जमिनीकडे पाहत राहिले.

वसुमतीला ते खटकलं. तिने पाणी प्यायला टेबलावरचा ग्लास उचलला, तेव्हा त्याच्यामागे मघाशी सारलेली वनमालाची डबी दिसली. ३८९. तिने ती उलटी करून पाहिली. दिवा विझलेला होता. कमरेला डबी नसेल तर माणूस नकाशावर नसतो.

“सोमाजी, कवडू ज्या झाडाखाली मेला ते झाड कोणाचं?”

सोमाजींनी नकाशाकडे पाठ फिरवली.

“सोमाजी.”

“सिडामाचंच.”

“आज तिथे फुलं कोण वेचतंय?”

“फुलं पडायची थांबत नाहीत, मॅडम,” सोमाजी म्हणाले. “कोणाले तरी जावंच लागते.”

“विभव, संदेश थांबव!”

विभवने तो आधीच थांबवला होता. काही उपयोग नव्हता. वाघीण आता ३८८पासून एक किलोमीटरच्या आत आली होती. डबीला खोट्या संदेशाची गरज उरली नव्हती, ती आपणहून वाजत होती. डिसेंबरमध्ये ठरवून दिलं होतं तशीच, न चुकता.

विभवने वायरलेसवर चालकाला पुन्हा गाठलं आणि दुसरी वाट सांगितली. चालकाने किती वेळ लागेल ते सांगितलं. विभवने तो आकडा मोठ्याने उच्चारला नाही.

चारशे. दोनशे दहा. सोमाजी उठून दाराबाहेर गेले. कोणी त्यांना थांबवलं नाही.

सहा वाजून एकतीस मिनिटांनी पिवळा ठिपका ३८८वर येऊन थांबला. नकाशावर त्या झाडाखाली कोणीही नव्हतं.