कारंज्याची माहिती

"अहो, ओढू नका! आधी वर उचला, मग ढकला."

नगरपालिकेच्या दप्तरखान्यातल्या खिडकीशी झटापट करणारा तो दचकून वळला... आणि नजरानजर झाली. किती वर्षं झाली त्याला! पण अजूनही कुठे खिडकी अडली की तिला ते गोंधळलेले डोळे आठवतात.

तो आला होता कचेरीचं सगळं शहाणपण संगणकात भरायला. कुठला नळ कुठून येतो, कुठलं गटार का तुंबतं, सगळं विचारायला जो तो तिच्याच टेबलाशी यायचा. मग काय, ती सांगायची, तो टाइप करायचा.

"बाजारातलं गटार तुंबलं, तर आधी पलीकडचं झाकण उघडायचं. अहो, हसू नका, लिहा!"

"लिहितोय की. तुम्ही रागावलात की जास्त छान सांगता."

"इश्श! गुपचूप काम करा."

काम संपत आलं तसा तिचा जीव खालीवर होऊ लागला. संपलं की तो दुसऱ्या गावी जाणार! मग ती आठवून आठवून काहीबाही सांगू लागली, अगदी चौकातल्या बंद कारंज्याबद्दलसुद्धा. त्यानंही कधी 'पुरे' म्हटलं नाही. मनातलं मात्र दोघांच्याही ओठांपर्यंत येऊन परत फिरायचं.

चाचणीच्या दिवशी सगळी कचेरी जमली. मोठ्या साहेबांनी बाजारातल्या गटाराचा प्रश्न टाकला. पडद्यावर उत्तर उमटलं – 'आधी पलीकडचं झाकण उघडायचं. अहो, हसू नका, लिहा!'

एकच हशा पिकला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"चूक झाली, साहेब." तो कानापर्यंत लाल झाला होता. "त्या बोलत गेल्या, मी लिहीत गेलो... त्यांचं एकही वाक्य गाळवेना."

हशा थांबला.

"मग आता बसा गाळत!" साहेब हसू दाबत म्हणाले.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "शेजारी... बसाल?"

"बसेन," ती म्हणाली. "पण नुसतं कामापुरतं नाही हं."

परवा नव्या कारकून मुलीनं विचारलं, "ताई, कारंज्याच्या माहितीत शेवटी 'उद्या येणार ना तुम्ही?' असं का हो लिहिलंय? काढून टाकू?"

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. फाटकाशी नवरा स्कूटर घेऊन ताटकळत उभा होता, केस पांढरे झालेला.

"राहू दे गं," ती पर्स उचलत म्हणाली. "आले होते ते. अजून रोज येतात."