चेंबरमधली दोरी

वाहरू प्लंबरने चेंबरमध्ये खांद्यापर्यंत हात घातला आणि तसाच थांबला.

"ताई, हे तुंबलेलं नाही," तो म्हणाला. "तुंबवलंय कोणीतरी."

त्याने जोर लावून ओढलं. पाइपच्या तोंडातून पोत्याचा एक बोळा सुटून बाहेर आला. आत प्लास्टिकच्या पिशव्या गच्च कोंबलेल्या, वरून नायलॉनची दोरी आवळलेली. साचलेलं काळं पाणी गडगडत निघून गेलं आणि भिंतीपलीकडून शेजारच्या इंद्रसिंगची आरोळी आली, "उतरलं! आमच्याकडचं उतरलं!"

कामिनी बोळ्याकडे बघत राहिली. ती नंदुरबारला पोलीस नाईक होती. आज तिची सुट्टी होती आणि सकाळपासून ती या घरात कोंडल्यासारखी झाली होती. मोरीत घोट्याएवढं घाण पाणी, खिडक्या वासाने बंद, सासू-सासऱ्यांना टाकून जाताही येईना. नवरा नवनीत सुरतला नोकरीला. फोनवर तो एकच घोकत होता, "तो पाइपांचा विमा घेऊन टाक एकदाचा. रोजची कटकट जाईल."

घ्यावा की न घ्यावा, हा वाद कॉलनीत महिनाभर चालला होता. घरं एकाला एक चिकटलेली. सगळ्यांचा मैला मागच्या अंगणांतून एकाच पाइपने वाहायचा आणि कामिनीचं घर शेवटचं. इथे बूच बसलं की मागच्या प्रत्येक घरात पाणी वर यायचं.

इंद्रसिंग पुढच्या दाराने आत आला. बोळा पाहून त्याचे डोळे लाल झाले.

"तरीच! तो विमावाला धीरज परवा म्हणाला होता, एकदा तुंबू द्या, मग कळेल विमा कशाला असतो. तुमच्या अंगणातही येऊन गेला होता ना?"

"आला होता. पाइप बघायला."

"झालं तर मग!"

कामिनी काही बोलायच्या आत तो बाहेर पळाला. धीरज त्याच वेळी गल्लीत घरोघर फिरत होता. लोकांनी त्याला धरला, दोन ठेवून दिल्या आणि पाण्याच्या मोटारीच्या खोलीत ढकलून बाहेरून कुलूप घातलं. कोणी म्हणालं, पोलिसांना फोन करा. कोणी म्हणालं, आधी आपण विचारू, मग पोलीस.

कामिनी गर्दीतून वाट काढत खोलीपाशी गेली. दाराला वर हातभर जाळी होती. जाळीत धीरजची बोटं दिसत होती.

"मॅडम, मला इथून काढा. आत श्वास घेता येत नाही."

"आधी उत्तरं दे. या कॉलनीत पहिल्यांदा कधी आलास?"

"दिवाळी झाल्यावर. इंद्रसिंगभाऊंनीच फोन केला होता. म्हणाले, नवरात्रात घरात मैला आला, असा काही विमा असतो का?"

कामिनीने मागे वळून इंद्रसिंगकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"आमच्या अंगणात किती वेळा आलास?"

"एकदाच. तुमचे सासरे सोबत होते. झाकणाला मी हातही लावला नाही."

"तुझ्या विम्यात असं मुद्दाम घातलेलं बूच बसतं?"

"बाहेरच्याने घातलं तर बघता येईल. घरातल्याच कोणी मुद्दाम केलं असेल तर नाही. आणि खरं सांगू? घरांच्या मधली सामाईक लाइनही त्यात येत नाही. मी हे सगळ्यांना सांगितलंय, पण ऐकतं कोण?"

"ह्याचं काय ऐकता?" गर्दीतून कोणी ओरडलं. "सोलून काढा!"

"मी परत येईपर्यंत कोणी कुलपाला हात लावायचा नाही आणि त्यालाही नाही," कामिनी म्हणाली. आवाज पोलिसाचा होता. लोक थोडे मागे सरले, पण गेलं कोणीच नाही.

घरी येऊन ती सरळ मागच्या अंगणात गेली. तिन्ही बाजूंना डोक्याच्या वर भिंत, भिंतीवर काचांचे तुकडे. आत यायची वाट एकच, स्वयंपाकघरातून. त्या दाराची कडी आतून लागायची.

तिने चेंबरचं पत्र्याचं झाकण उलटं केलं. आतल्या बाजूच्या कडीला दोरीचं एक टोक बांधलेलं होतं. वाहरूने झाकण हिसकून उचललं तेव्हा दोरी तुटली असावी. म्हणजे बोळा दोरीने झाकणाला अडकवलेला होता. झाकण उचललं की दोरी ओढायची, बूच बाहेर.

लोकांना छळायला बूच घालणारा ते काढायची सोय कशाला ठेवेल?

आत सासरे, सुकलालनाना, दारात उभे राहून फोनवर बोलत होते. ऑपरेशननंतरचा पट्टा कमरेला होता.

"नाही हो, आजही जमायचं नाही. घरात मैला भरला होता. आमची बाई बिगरआंघोळीची खरेदीखताच्या सहीला कशी येईल? हो, तिसऱ्यांदा. नशीबच तसं, काय करता?"

फोन ठेवताना तो हातातून निसटला. नाना तसेच ताठ उभे राहिले. "उचल गं पोरी. माले वाकता नही येत."

कामिनीने फोन उचलून दिला. "नाना, कोरीट गावातल्या आपल्या घराचं गिऱ्हाईक होतं?"

"तर! नवरात्रात सही ठरली, तर इथे मैला. दिवाळीनंतर ठरली, पुन्हा तेच. दोन्ही वेळा आम्ही दोघं आंघोळीला कोरीटलाच गेलो, तोवर सहीची वेळ टळली."

"परत आलात तेव्हा पाणी उतरलं कसं? प्लंबर तर आला नव्हता."

"आपोआप. तुझी सासू तुळशीला पाणी घालायला मागे गेली, तेवढ्यात गडगडत गेलं बघ."

कामिनी स्वयंपाकघराकडे वळली.

सासूबाई, रुक्मिणीबाई, तिथे तूर निवडत बसल्या होत्या. सकाळपासून गल्ली जमा झाली, बोळा निघाला, एका पोराला कोंडलं, पण त्या जागच्या हलल्या नव्हत्या.

कामिनी त्यांच्यासमोर खाली बसली. दारात नाना होते. बाहेरून गर्दीचा गलका येत होता. ठाण्यात कितीतरी जणांना तिने प्रश्न विचारले होते, पण आज समोर सासू होती. बोललं तर घर उघडं पडणार होतं. न बोललं तर एक निरपराध माणूस त्या अंधाऱ्या खोलीत मार खाणार होता.

"आई," ती म्हणाली, "धीरजने हे केलेलं नाही. पहिल्यांदा तुंबलं तेव्हा तो या कॉलनीत आलाच नव्हता. बाहेरचं दुसरं कोणी नाही, कारण अंगणात यायला आपलं स्वयंपाकघर ओलांडावं लागतं. नवनीत सुरतला. मी पहिल्या दोन्ही वेळा आदल्या रात्रीपासून ड्युटीवर. नानांना खाली पडलेला फोन उचलता येत नाही, ते चेंबरात कसे वाकतील? बूच घालणाऱ्याला कोणाचं नुकसान करायचं नव्हतं. फक्त एक दिवस टळायला हवा होता. म्हणून काढायला दोरी. आणि तिन्ही वेळा तो दिवस एकच होता. कोरीटच्या घराच्या सहीचा."

निवडणारी बोटं थांबली.

"ते घर कोणाच्या नावावर आहे, आई?"

"मन्हं घर शे ते," रुक्मिणीबाई हळूच म्हणाल्या. "मन्हा बापनी माले दिन्हं."

नानांनी दाराची चौकट धरली. "अगं, मग बोलायचं ना! विकायचं नाही म्हणायचं!"

"कोणाले सांगू? तुम्ही गिऱ्हाईक ठरवं, पोऱ्यानी तारीख ठरवी. माले कोनी इचारं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "इठे चारीबाजू भिंती. दार उघडं तं समोर दुसरं दार. कोरीटले गई का मन्हा जीव भांड्यात पडस. तुम्हना तोंडवर नाही म्हनता नही ऊनं माले. आज तं तुम्ही लगेच प्लंबर बलावा, बोळा काढाले येळच नही भेटना."

बाहेर दारावर लाथ बसल्याचा आवाज आला.

"आई, बाहेर मी सांगते," कामिनी उठली.

"नही. बोळा मी घाला." रुक्मिणीबाईंनी डोक्यावर पदर घेतला. "मीच सांगसू."

गेल्या वर्षभरात त्या गल्लीच्या टोकापर्यंत एकट्या गेल्या नव्हत्या. आज गर्दी त्यांना वाट देत गेली. त्यांनी इंद्रसिंगपुढे हात केला. त्याने न कळून किल्ली दिली. कुलूप त्यांनीच काढलं. धीरज बाहेर आला, ओठ फुटलेला, शर्ट घामाने चिकटलेला.

"याले सोडा," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "तुम्हना घरमा पानी मी आनं. यानी काही चूक नही."

दारावर लाथा घालणारे मागे सरले. मग इंद्रसिंगने मान फिरवली आणि धीरजसाठी घरातून पाण्याचा तांब्या आणायला तो स्वतः गेला.

कामिनी धीरजपाशी आली. "तक्रार द्यायची असेल तर मी स्वतः तुझ्याबरोबर ठाण्यात येते. आमच्यावरही आणि ज्यांनी मारलं त्यांच्यावरही."

धीरजने रुक्मिणीबाईंकडे पाहिलं आणि मान हलवली. "नको मॅडम. मला फक्त घरी जायचंय." मग म्हणाला, "आणि तुम्ही विमा घेऊ नका. तुमचे पाइप चांगले आहेत."

नाना पट्ट्यावर हात ठेवून हळूहळू गल्लीत आले होते. हातातला फोन पुन्हा वाजत होता. त्यांनी नाव पाहिलं, घुटमळले आणि फोन बायकोपुढे धरला.

रुक्मिणीबाईंनी तो घेतला. कानाला लावला.

"घर इकानं नही," त्या म्हणाल्या. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

"मी कोण? मी घरनी मालकीण बोलस."