आतून उमटलेला शिक्का

आमच्या घरात भुताखेताचं नाव काढायची सोय नव्हती.

माझे आजोबा देवाजी छप्पन साली चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले. त्या दिवसापासून घरातले लिंबू, ताईत, अंगारे सगळे बंद. कोणी हडळीच्या गोष्टी सांगायला लागला की आजोबा त्याला ओसरीवरून उठवून लावायचे. अशा घरातला माणूस तुम्हाला हे सांगतो आहे, तर हौसेनं सांगत नाही एवढं समजा. खोटं वाटलं तर वाटू द्या. मलाही ते खोटं असतं तर बरं झालं असतं.

घडलं ते माझ्या आत्याच्या बाबतीत. सत्यशीलाआत्या.

साल १९८६. मे महिना. चंद्रपूर, मूल रोडवरचं एक पाइपांचं वर्कशॉप.

आणि रात्र नव्हती... भर दुपार होती.

चंद्रपूरचा मे ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. बारा वाजले की रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. उघड्यावरच्या लोखंडाला हात लावला तर हात पोळतो. पाणी सांडलं तर फडकं आणेपर्यंत वाळून जातं. हे तेवढं लक्षात ठेवा.

आत्या तेव्हा सत्तावीस वर्षांची, डिप्लोमा इंजिनिअर. वर्कशॉपमध्ये तिचं काम तपासणीचं. तिनं पास केलेल्या पाइपवर शिक्का बसायचा, मगच माल बाहेर. शिक्क्यासाठी बोटाएवढा पोलादी पंच असतो, त्याच्या टोकाला अक्षर. पाइपवर टेकवायचा आणि वरून हातोडीचा एक ठोका. बाकीचे पंच इंग्रजी अक्षरांचे. आत्यानं मात्र वर्कशॉपमधले म्हातारे फिटर बशीरभाऊ यांच्याकडून मराठी 'स' घडवून घेतला होता.

आजोबांचा जन्म अंगठा उठवण्यात गेला. पहिला शिक्का मारलेला तुकडा आत्यानं आमच्या सावली गावी घरी नेऊन त्यांच्या हातात दिला. आजोबांनी त्या अक्षरावरून बोट फिरवलं आणि तो तुकडा बुद्धमूर्तीशेजारी ठेवून दिला. आपल्या लेकीचं अक्षर लोखंडात उमटतं, याचा त्यांना कोण अभिमान!

म्हणून त्या शिक्क्याला आत्या जिवापाड जपायची. पंच रुमालात, रुमाल पर्समध्ये, पर्स खांद्याला. घरी जातानाही सोबत.

त्या उन्हाळ्यात मालक बापूरावांनी एक काम आणलं. काकिनाड्याकडच्या मासेमारीच्या बोटींसाठी पाइप. बोटीचं इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत ओढतात, ते ह्या पाइपातून येतं. पाइपाला भोक पडलं तर समुद्र थेट बोटीच्या पोटात. कोणता धातू वापरायचा ते वर्कशॉपनं ठरवायचं होतं.

आत्यानं समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्यात कोणीच पाहिलेला नव्हता. पण तिनं होळीच्या सुमाराला एका रांजणात मिठाचं पाणी कालवलं आणि त्यात दोन तुकडे बुडवले. एक तांबं-निकेलचा, दिसायला मळकट. दुसरा स्टीलचा, आरशासारखा. दोन्हींवर रबराची पट्टी आवळून बांधली, बोटीत पाइप जसा आवळतात तशी.

मे उजाडला. तुकडे बाहेर काढले. तांबं-निकेल होतं तसं होतं. स्टीलही वरून चकचकीत. पण पट्टी सोडली तर खाली सुईनं टोचल्यासारखी भोकं.

"बापूरावभाऊ, हे पाहा. स्टील इथी चालत नाई."

बापूराव हसले. "बाई, स्टीलले कधी जंग लागते का? माह्या लग्नातली ताटं आणून दाखवू? अजून नवीनच्या नवीन आहेत."

"ताटात समुद्र वाढता का तुमी?"

हसणं थांबलं. खरी गोष्ट अशी होती की बापूरावांनी स्टीलचा माल आधीच घेऊन ठेवला होता. मागच्या शेडमध्ये थप्पी लागली होती. किनाऱ्यावरच्या कुण्या व्यापाऱ्याकडून स्वस्तात मिळाला म्हणे. वरून पॉलिश मारलेलं.

"जहाजावरचाच माल होय तो," बापूरावांच्या तोंडून निघून गेलं. "परत जहाजावर जाऊन राह्यला. तुले काय त्रास आहे?"

"म्हणजे जुना माल? कोणत्या जहाजाचा?"

बापूराव जायला वळले. "शुक्रवारी ट्रक येते. त्याच्या आत शिक्के पडले पाह्यजेत."

"नाई पडणार," आत्या म्हणाली.

हा मंगळवार.

बुधवारी दुपारी कामगार कडुनिंबाखाली आडवे झाले होते. आत्या शेडला लागून असलेल्या केबिनमध्ये डबा खात होती. लाइट गेली. कूलर थांबला.

त्याचा घरघराट थांबल्यावर तिच्या लक्षात आलं... की दुसरा एक आवाज येतो आहे.

टप्...

टप्...

पाणी ठिबकत होतं. शेडमध्ये नळ नव्हता.

आत्या उठली. शेडचं दार उघडलं. पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखी धग... आणि त्या धगीत ओलसर, खारट, सडक्या मासोळीसारखा वास.

वर छपराच्या लोखंडी कैचीवर कबुतरं असायची, दिवसभर घुमायची. त्या दुपारी एकही नव्हतं.

थप्पीजवळ गेली. पाइपाला हात लावला आणि पटकन मागे घेतला. पोळला म्हणून नाही.

पाइप थंडगार होता.

तिनं वाकून एका पाइपात पाहिलं. दोन्ही टोकं उघडी, पलीकडे खिडकी. आरपार उजेड दिसायला हवा होता.

दिसला नाही.

आत काळोख होता. आणि त्या काळोखातून... ठक्. ठक् ठक्.

कोणीतरी आतून वाजवत होतं. दार बाहेरून बंद झालेला माणूस वाजवतो तसं.

आत्यानं पाइपाचं एक टोक उचललं. दुसऱ्या टोकातून भदाभदा पाणी पडलं. आडव्या, उघड्या पाइपात पाणी थांबेलच कसं? ओठांवर शिंतोडे आले. खारट. तिला वाटलं, कोणी टवाळखोरानं आपल्याच रांजणातलं पाणी ओतलं. ती तरातरा बाहेर गेली.

रांजण काठोकाठ भरलेला होता.

तीन वाजता बापूराव आले ते खुशीतच. "मारले ना शेवटी शिक्के? मले माहीत होतं, पोरगी समजदार आहे."

"काय मारले?"

"शेडात पाहून आलो ना मी."

आत्या धावत गेली. थप्पीतल्या प्रत्येक पाइपच्या टोकाला 'स' होता. त्याच वळणाचा, तिचाच.

तिनं पर्स उघडली. पंच रुमालात होता. गाठ सुटलेली नव्हती.

बशीरभाऊ चष्मा लावून वाकले. बराच वेळ ते अंगठा फिरवत राहिले, मग त्यांचा चेहरा उतरला.

"बाई... हात लावून पाहा."

पंचानं मारलेलं अक्षर धातूत खाली बसतं. हे खाली बसलेलं नव्हतं. वर आलेलं होतं.

शिक्का आतून मारलेला होता. जिथं दोन बोटंसुद्धा धड जात नाहीत, तिथून.

"आतून का बाहेरून, कोण पाहते?" बापूराव म्हणाले खरे, पण शेडच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेनात. "शिक्का आहे ना? झालं तं मग."

आत्याच्या अंगावर काटा आला होता, पण त्याहून जास्त ती पेटली होती. भूत असो की आणखी कोणी, तिचं अक्षर तिला न विचारता वापरलं होतं! तिनं कानस उचलली आणि संध्याकाळपर्यंत एकेक अक्षर घासून सपाट केलं. बशीरभाऊंनी निम्मे पाइप घासले. जाताना म्हणाले, "बाई, दर्ग्यावरून धागा आणून देतो. बापूराव तं नारळ फोडतो म्हणून राह्यले."

"धागा नाई न् नारळ नाई. भाऊ, उद्या हॅक्सॉची नवी पाती आणा."

"काऊन?"

"उद्या पाहू."

गुरुवारी दुपारी लाइट गेली. कूलर थांबला. आत्या तयारच बसली होती, ती सरळ शेडमध्ये गेली.

अक्षरं परत आली होती. सगळ्या पाइपांवर. आणि थप्पी वाजत होती... इकडून ठक्, तिकडून ठक् ठक्, मग सगळीकडून एकदम. फरशीवर ओली पावलं होती. थप्पीपासून निघून दारापर्यंत गेलेली. जिथून ट्रक लागतो त्या दारापर्यंत. त्या उन्हात ती वाळत नव्हती. जहाजावरचा जुना माल, खारं पाणी, ट्रककडे निघालेली पावलं... आत्याच्या ध्यानात आलं, पाइपांसोबत कोणी बुडालेला माणूस आला आहे आणि त्याला परत बोटीत जायचं आहे.

आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि ओरडली. बाहेर झोपलेली माणसं उठून बसली, एवढ्या मोठ्यानं.

"कोण होय तू? तुले बुडवलं त्याच्याकडे जा ना! माह्या नावानं दुसऱ्या बोटीत बसतो? चार घरच्या बाया रडवतो? माह्या बापाले सही येत नव्हती. हे अक्षर माहं आहे. तुले नाई देत, जा!"

ठोके थांबले.

शेडमध्ये इतकी शांतता झाली, की तिला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला.

"भाऊ, पाइप धरा," ती म्हणाली. "कापायचे आहेत. सगळे."

बशीरभाऊ उंबऱ्यावर घुटमळले, पण आले. कापलेला पाइप बोटीत बसत नाही, मग त्यावर शिक्के कितीही पडोत. हा हिशोब काय शिकवावा लागतो? पहिला पाइप टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात आवळला. हॅक्सॉ करवतीचं पातं चाललं. चीर पडताच पाणी उसळलं. दुसरा. तिसरा. प्रत्येकातून पाणी. फरशी भरली, चपला भिजल्या. बापूराव दारातून ओरडत होते, "माहा माल! माहा माल होय तो!" पण आत येऊन हात धरायची त्यांची छाती झाली नाही.

शेवटचा पाइप उरला.

त्याला शिकंज्यात धरला आणि आतून ठोके सुरू झाले. पहिल्यासारखे नाहीत. घाईनं, वेड्यासारखे, जीव तोडून. पाइप हातात उडायला लागला. बशीरभाऊंनी सोडला आणि ते बाहेर पळाले. मी त्यांना दोष देत नाही.

आत्यानं पाइपावर गुडघा दिला आणि करवत धरली.

त्या ठोक्यांत आता तिला वेगळं काही ऐकू येत होतं. हा कोणी दहशत घालणारा नव्हता. हा कोंडलेला माणूस होता. तिचा राग तसाच होता, पण करवतीवरचा एक हात तिनं पाइपावर टेकवला.

"वाजवू नको," ती हळू म्हणाली. "काढून राह्यले ना मी तुले. पण निघ न् आपल्या घरी जा. कोणाले सोबत न्यायचं नाई."

पातं आरपार गेलं. पाणी आलं नाही.

आतून आला एक लांब श्वास. पाण्याखालून वर आलेला माणूस पहिला श्वास घेतो तसा... आत ओढलेला.

बाहेर सोडलेला तिनं ऐकला नाही.

शुक्रवारी ट्रक रिकामा गेला. बापूरावांनी आत्याला त्याच दिवशी काढून टाकलं. तिनं जाता जाता बशीरभाऊंकडून पंचाचं टोक ग्राइंडरवर घासून घेतलं. अक्षरच उरलं नाही. पुढं गडचिरोलीला तिनं मुलांना फिटरचं काम शिकवण्यात आयुष्य घालवलं.

ते तुकडे भंगारवाला घेईना. हात लावून बघायचा आणि सायकल वळवायचा. लोक म्हणाले, जमिनीत गाडून टाका. आत्या म्हणाली, "गाडते, पण अर्धे. मले दिसत राह्यले पाह्यजेत." सावलीच्या घरामागच्या वाडीला तिनं त्यांचंच कुंपण केलं.

मी लहानपणापासून ते कुंपण पाहतो आहे. मे महिन्यात विहिरीला तळ लागतो, तेव्हाही ते खांब ओले असतात. गावातल्या गाई येऊन ते चाटतात.

आणि दर मे महिन्यात कुठल्या तरी खांबावर एक 'स' वर येतो. आत्या कानस घेऊन जायची, घासून टाकायची. हात सांध्यांनी वाकडे झाले तरी जायची. मी एकदा म्हटलं, राहू दे ना, कुंपणच तर आहे. ती खवळली. "उद्या कोणी उपटून नेईन, कुठी लावन, तुले माहीत आहे का? माह्या अक्षरावर कोणी बुडालं नाई पाह्यजे."

आत्या मागच्या हिवाळ्यात गेली. मला वाटलं, संपलं. आता अक्षर कोणाचं येणार?

ह्या मे महिन्यात मी सावलीला गेलो. भर दुपारी वाडीत गेलो. गाई सगळ्या एका खांबापासून लांब उभ्या होत्या.

त्यावर 'स' होता. ताजा, वर आलेला, कडा अजून धारदार. अंगठा फिरवला तर ओला.

मी आजोबांचा नातू. भूतबीत मानत नाही. तरी घरातून आत्याची कानस आणली आणि घासत बसलो. आतून एकदाच वाजलं... ठक्.

"तिच्या नावावर नाही," मी म्हणालो. "ती गेली तरी नाही."

अक्षर गेलं. कानस मी सोबत घरी आणली आहे, पुढच्या मे महिन्यात लागेल म्हणून. रात्री कोरड्या फडक्यानं पुसून खुंटीला अडकवतो. सकाळी कानशीच्या दातांत पांढरं मीठ साचलेलं असतं.