नावासाठी सोडलेली जागा

इबिदुनला क्षमा करायची नव्हती, आणि तसं तिने चर्चच्या पाळकांना तोंडावर सांगितलं. तिच्या नवऱ्याच्या, लादिपोच्या, थडग्यावरची माती वाळायच्या आत धाकट्या दिराने घराला कुलूप घातलं होतं. दिराचं नाव आकिन्येले. इबादान शहराच्या रिवाजाप्रमाणे तिने भिंतीवर ठळक अक्षरांत ‘हे घर विकायचे नाही’ असं रंगवलं. त्याने हसत हसत त्यावर चुना फासला.

“शत्रूला शाप देता येतो का, तेवढं सांगा,” ती म्हणाली.

“तू बायबलमधली नुसती सुडाची स्तोत्रं वाचतेस, बाई,” पाळक म्हणाले. “एकाच बाजूने वाचलं की माणूस कलंडतो. वेगवेगळ्या शिक्षकांचं ऐक. समतोल येईल.”

कुणीतरी परवानगी देईल, या आशेनेच ती डुग्बे बाजारात सुनमोनूच्या कॅसेटच्या टपरीवर गेली. शेजारीच पूर्वी तिच्या आईचा चवळीच्या भज्यांचा गाडा असायचा. सुनमोनू ती भजी खाऊनच वाढला होता.

“सगळ्या पंथांचं एकेक दे. क्षमेवर, न्यायावर, स्तोत्रांवर.”

“मी मुसलमान माणूस, मावशी. माझ्या लेखी सगळे सारखेच खपतात.”

पहिली कॅसेट एका अँग्लिकन म्हाताऱ्याची होती, क्षमेवर. प्रवचन संपलं, खरखर झाली आणि भलताच आवाज एकशे नववं स्तोत्र वाचू लागला. पांढऱ्या झग्यांच्या प्रार्थना-मंडळातले लोक शत्रूसाठी पाण्याच्या घमेल्यावर वाचतात, तेच हे स्तोत्र. मध्येच शत्रूचं नाव घ्यायचं असतं. नुसतं नाव चालत नाही, आईचंही लागतं. एका नावाची माणसं गावात ढीगभर असतात. तिथे तो आवाज थांबला, जरा वेळाने पुढे वाचू लागला.

जुनी टेप, वर काहीतरी भरलेलं असणार, असं तिने मनाशी म्हटलं.

दुसरी एका बॅप्टिस्ट बाईंची होती. शेवटी तोच आवाज, तीच थांबलेली जागा. तिसरी, कॅथलिक फादरांची, तिने स्वतः वेष्टन फाडून काढली होती. तिच्यातही तेच. आता ती जागा लांबली होती आणि तिच्यात कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता.

तिने कॅसेट परत नेली. सुनमोनूने टपरीवर लावून पाहिली. फादर बोलले, थांबले, पुढे कोरी पट्टी.

“कॅसेट झकास आहे, मावशी. कान दाखवून घ्या.”

दुपारी आकिन्येले तिच्या भाड्याच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

“वहिनी, अजून अभ्यासच चाललाय? पास झालात की कळवा. घराला गिऱ्हाईक मिळालंय.”

तो गेल्यावर तिने घमेलं भरलं आणि फादरांची कॅसेट लावली. आवाज थांबला. या वेळी तो पुढे वाचेचना. तो वाट पाहत होता.

“आकिन्येले,” ती म्हणाली. “आबेकेचा मुलगा.”

आवाज पुढे वाचू लागला. इबिदुनला फार बरं वाटलं. इतकं बरं तिला लादिपो गेल्यापासून वाटलं नव्हतं.

आकिन्येले जेवताना गेला. पाण्याचा घोट घशात अडकला, एवढंच निमित्त. गिऱ्हाईक घाबरून पळालं, किल्ली तिच्या हातात आली. तिने भिंतीवरची अक्षरं पुन्हा रंगवली. तिन्ही कॅसेटच्या शेवटी आता नुसती खरखर होती.

उपकारस्तुतीवर काही मिळतंय का, म्हणून ती पुन्हा टपरीवर गेली. तिथे तिची जाऊ, आकिन्येलेची बायको मोराडेके उभी होती, काळ्या वस्त्रांत. सुनमोनू तिच्यापुढे कॅसेट मांडत होता.

“पाळक म्हणाले, वेगवेगळ्या शिक्षकांचं ऐक,” मोराडेके म्हणाली. “मन थाऱ्यावर येईल.”

मोराडेकेने कॅसेट पिशवीत भरल्या आणि थोरलीला करतात तसा गुडघे टेकून नमस्कार केला. उठताना ती सहज म्हणाली,

“जाऊबाई, इतकी वर्षं विचारायचं राहूनच गेलं. तुमच्या आईचं नाव काय होतं हो?”

इबिदुनने ओठ मिटून घेतले.

“अहो, ते मला विचारा,” सुनमोनू हसत म्हणाला. “त्या माउलीची भजी खाऊन तर मी मोठा झालो.” आणि त्याने नाव सांगून टाकलं.