मेल्चोरचा गोळा

समुद्र खोटं बोलत नाही. आणि ही हकीकत भर समुद्रात घडली, तेव्हा ती शंभर टक्के खरी आहे.

साक्षीदार चार होते. त्यांतली एक तापात होती आणि एक ओकत होता, पण तेवढं चालायचंच.

साल १७२६, फेब्रुवारीतला शुक्रवार, दुपारचं जेवण. तेनेरिफे बेट सोडून पंचवीस दिवस झाले होते. सांतो दोमिंगोची नवी जमीन अजून बारा दिवस लांब.

आदल्याच दिवशी निकोलासाचा नवरा मेल्चोर तापाने गेला. शिडाच्या कापडात गुंडाळून त्याला पाण्यात सोडलं. आता तोच ताप त्यांच्या सहा वर्षांच्या ब्रीहिदाला होता.

"पोटात अन्न टिकलं तर पोर वाचेल," जहाजावरचा न्हावी म्हणाला. औषधपाणीही तोच बघायचा.

अन्न म्हणजे गोफियो. भाजलेल्या धान्याचं पीठ. सासू ग्रासिया ते शेळीच्या कातड्याच्या पिशवीत पाणी घालून मांडीवर मळायची, आणि माणशी एक गोळा करायची.

वाटणीला मात्र एक रीत होती. निकोलासा सगळ्यांकडे पाठ करून बसायची. सासू एक गोळा उचलून विचारायची, "हा कुणाचा?" निकोलासा न बघता नाव घ्यायची. मोठा गोळा कुणाला गेला यावरून भांडण नको म्हणून.

शिधा रविवारी मिळायचा. त्यामुळे पीठ अजून पाच जणांचं होतं.

"पाचवा गोळा पोरीला," सासू म्हणाली. "तिचं नाव दोनदा घे."

निकोलासा पाठ करून बसली.

"हा कुणाचा?"

"अमारो." हा धाकटा दीर.

"हा?"

पंचवीस दिवसांची सवय. तोंडातून निघून गेलं...

"मेल्चोर."



मागून सासूचा श्वास अडकल्याचा आवाज आला...

निकोलासा वळली. म्हातारीचा हात तसाच पुढे होता. रिकामा. आणि मनगटापर्यंत ओला.

"घेतला," ग्रासिया म्हणाली. "थंडगार बोटं होती गं."

"मी नाही हां," ओकारी आवरत अमारो म्हणाला. "माझाच मला जाईना."



शनिवारी निकोलासाने जीभ सांभाळली. ब्रीहिदाचं नाव तिने दोनदा घेतलं.

दोन्ही गोळे निघाले. पोरीच्या हातात एकही पोचला नाही.

"बाबांनी घेतले," ब्रीहिदा म्हणाली. "आधी माझं, म्हणाले."

"दादा जिवंतपणीही एका गोळ्यावर उठायचा नाही," अमारो पुटपुटला. मग त्याने गळ्यातला क्रूस मुठीत धरला आणि तो दिवसभर सोडला नाही.

रविवारी शिधा चौघांचाच मिळाला. पोर आता डोळेही उघडत नव्हती.

चार गोळे झाले. निकोलासा पाठ करून बसली. मागे चार माणसं असायला नकोत, तिघंच हवीत. तिला चौघांचा श्वास ऐकू येत होता... चौथा ओला.

"हा कुणाचा?" म्हातारीने विचारलं.

निकोलासा समोरच्या फळीशी बोलल्यासारखी बोलली.

"मेल्चोर, लग्न झाल्यापासून तू आधी जेवलास आणि मी मागून. मी कधी ब्र काढला नाही. आज पोर आधी. मग माझा गोळा तुझा. रोज. किनारा लागेपर्यंत."

जहाज करकरलं.

"हा ब्रीहिदाचा," ती म्हणाली.

बराच वेळ काहीच नाही...

मग चघळण्याचा आवाज आला. बारीक. दुधाच्या दातांचा.

निकोलासाने डोळे मिटले. "अमारो. आई." आणि शेवटचा गोळा...

"मेल्चोर."

सासूच्या हातातून काहीतरी ओढलं गेलं.

त्या दिवसापासून ग्रासिया स्वतःचा गोळा मोडून अर्धा सुनेच्या ओच्यात टाकायची. "पोरगा माझाच ना," एवढंच म्हणायची.

चौथ्या दिवशी ब्रीहिदाचा ताप उतरला. जमीन दिसली तेव्हा ती स्वतःच्या पायांवर उभी होती, आणि निकोलासाला मात्र दोघांनी धरून होडीत उतरवलं.

तो ओला हात डोळ्यांनी मात्र कोणालाच दिसला नाही. ब्रीहिदाचा वंश, म्हणजे आम्ही, आजही इथे सांतो दोमिंगोत आहोत. आम्ही जेवताना भिंतीला पाठ लावून बसतो. पाठीमागे जागा ठेवत नाही. पाहुण्यांना ते विचित्र वाटतं.

किनाऱ्यावरच्या पहिल्या जेवणाला पीठ भरपूर होतं, नावं पुकारायची गरज नव्हती. तरी निकोलासाने थोडं पीठ वेगळं मळलं, समुद्राकडे पाठ करून बसली आणि गोळा खांद्यावरून मागे धरला.

"किनारा लागला," ती म्हणाली. "हा शेवटचा. आता जा."

थंड बोटांनी गोळा घेतला.

वाळूवर पावलं वाजली नाहीत. तो गेला नव्हता. तिच्या मानेवर ओला श्वास आला, आणि कानाशी तोच जुना आवाज...

"निकोलासा... जरा कांदा असला तर बघ ना."