लाल शाईतला म

"मॅडम, मेलेली माणसं मत देतात का?"

प्रश्न तिचा नव्हता. मागच्या बाकावरच्या तिघींनी मधल्या सुट्टीतच तिला डिवचलं होतं, "एवढा तोंडाचा पट्टा सुटलाय ना तुझा, मग विचारून दाखव." वर्गात तिला सगळे शंका म्हणत. मागच्या वर्षापर्यंत ती हजेरीलाही 'हजर' असं तोंडातल्या तोंडात म्हणायची. यंदा वक्तृत्व स्पर्धेत एकदा बोलली काय, तेव्हापासून तिच्या जिभेला हाडच उरलं नव्हतं.

सभागृहात हशा पिकला. व्यासपीठावरच्या निवडणूक अधिकारी मॅडम मात्र हसल्या नाहीत.

त्या मघापासून मतदान कसं होतं ते समजावून सांगत होत्या. आपला देश म्हणजे प्रांतांचं संघराज्य. म्हणून मतं दोन. पिवळी पत्रिका प्रांताच्या सभागृहासाठी, पांढरी देशाच्या सभागृहासाठी. याद्याही दोन, आणि त्या ठेवणारी कार्यालयंही दोन. मतदार आधी पिवळ्या टेबलावर जातो, मग पांढऱ्या. निघताना पांढऱ्या टेबलावरचा माणूस त्याच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला शाई लावतो. एका माणसाला एक बोट.

"देतात," मॅडम म्हणाल्या. "दोन आठवड्यांपूर्वी याच शाळेतल्या केंद्रावर एकीने दिलंय."

हशा थांबला.

भाषण संपल्यावर त्यांनी शंकाला जवळ बोलावलं. "तुला कोणी सांगितलं?"

"सगळ्या गल्लीला माहीत आहे, मॅडम. इस्त्रीवाल्या काकूंनी त्यांच्या मेलेल्या जावेच्या नावाने मत दिलं म्हणतात. खरं आहे?"

"सही आहे. थोरल्या जावेच्या नावापुढे. आणि ती बाई चार महिन्यांपूर्वीच गेली. शेजारच्या प्रांतातल्या दवाखान्यात वारली, दाखला तिकडचा. तो अजून इकडे पोचलेला नाही, म्हणून नाव यादीत राहिलं."

"सही काकूंचीच कशावरून?"

"हरलेल्या उमेदवाराच्या माणसाने त्यांना जावेचं कार्ड घेऊन आत जाताना पाहिलं. त्या नाही म्हणत नाहीत. हो पण म्हणत नाहीत. जागा चार मतांनी गेलीय, त्यामुळे मला गप्प बसता येत नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत त्या बोलल्या नाहीत, तर तोतयेगिरीचा गुन्हा. वर्षभराची कैद होऊ शकते."

"टेबलावर कोणी ओळखलं नाही त्यांना?"

"दिवसभरात सहाशे माणसं येतात, बाळा. तुझे बाबाच होते की पांढऱ्या टेबलावर. आमच्या ऑफिसातला सगळ्यात काटेकोर माणूस. त्यांनाही आठवत नाही."

त्या दिवशी बुधवार होता.

*

इस्त्रीचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक लांब टेबल, त्यावर जळके डाग पडलेली चादर, आणि भिंतीला दोन खुंट्या. एका खुंटीवर काकूंची पिशवी होती. दुसरी रिकामी.

शंकाने शाळेचा शर्ट पुढे केला.

"कालच नेलास ना?" काकू म्हणाल्या.

"चुरगळला."

"दप्तरात कोंबून आणलास, अजून घड्या दिसतायत. प्रश्न विचारायला आलीस तर सरळ विचार. शर्टाचे हाल कशाला?"

शंका वरमली, पण एक क्षणच. "काकू, तुम्ही तुमच्या नावाने मत का नाही दिलंत?"

इस्त्री थांबली. मग पुन्हा चालू लागली.

"माझ्या नावाने द्यायला मी जिवंत कुठे होते? पिवळा कागद दिला त्यांनी मला, चांगला दिला. मत टाकलं. पांढऱ्या कागदाला गेले तर म्हणे, बाई, यादीत तुम्ही मयत आहात. नावावर लाल रेघ."

"आणि जाऊबाईंच्या नावावर?"

"तिच्या नावावर काही नाही. ती धडधाकट." काकू हसल्या, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "सव्वीस वर्षं आम्ही या टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या होतो. ती कॉलर करायची, मी बाह्या. ती गेली तेव्हा मीच तिला शेवटची साडी नेसवली. आणि कागदावर बघते तर ती आहे आणि मीच गेलेय. घरी येऊन रडले मी. तिच्यासाठी की माझ्यासाठी, देव जाणे."

"मग जावेचं कार्ड घेऊन परत जायचं तुम्हाला कोणी सुचवलं?"

"कोणी नाही."

"काकू."

"शब्द दिलाय मी. त्या माणसाने माझ्यावर उपकार केला. त्याला मी बुडवायचं? मला काय, आत जाईन, वर्षाने बाहेर येईन. इस्त्री कुठे पळतेय."

शर्टाची घडी घालून त्यांनी तो पुढे केला. तेव्हा शंकाला त्यांचा डावा हात नीट दिसला. पहिल्या बोटाच्या नखावर शाईचा जांभळा डाग होता.

शेजारच्या बोटावरही होता.

*

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती निवडणूक कार्यालयात गेली. हरकतींसाठी सह्यांसकट याद्या पंधरा दिवस भिंतीवर लावतात, कोणीही बघू शकतं. देशाच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात पांढरी यादी टांगलेली होती. तिने काकूंच्या गल्लीचं पान शोधलं. थोरलीच्या नावापुढे सही. काकूंच्या नावावर रेघ, आणि बाजूला लाल शाईत 'म'.

"म म्हणजे मयत," दारातल्या शिपायाने सांगितलं. "आणि पिवळी यादी बघायची तर रस्ता ओलांड. ते ऑफिस वेगळं, आम्ही वेगळे. त्यांचे जिवंत वेगळे, आमचे जिवंत वेगळे. मेल्यावर तरी एक होतात की नाही, कोण जाणे."

पान उलटून ती पुढच्या गल्लीवर गेली. मग त्याच्या पुढच्या. यंदाच्या लाल खुणा मोजल्या. नऊ.

नऊच्या नऊ नावांपुढे 'स्त्री' लिहिलेलं. सगळ्या बायकाच.

या भागात पुरुष मरायचे थांबलेत की काय, असं तिच्या मनात आलं आणि तिला हसूही आलं. मग हसू गेलं. तिने नऊ अनुक्रमांक वहीच्या मागच्या पानावर उतरवले. तो लाल 'म' मात्र ती बराच वेळ बघत राहिली. वरची गाठ कागदाला भोक पडेल इतकी घोटून काढलेली. असा 'म' तिने याआधी कितीदा तरी बघितला होता, पण कुठे, ते आठवायला ती तयार नव्हती.

रस्ता ओलांडून ती प्रांताच्या कार्यालयात गेली. तिथे पिवळी यादी. तिने एकेक क्रमांक लावून बघायला सुरुवात केली.

पहिली मयत बाई: सही.

दुसरी: सही.

तिसरी नव्हती आली. चौथी: अंगठा.

नऊ मेलेल्या बायकांपैकी सात जणींनी त्या दिवशी येऊन पिवळी पत्रिका घेतली होती. मेलेली माणसं मत देतात. फक्त अर्धंच.

थोरलीच्या नावापुढे इथे काहीच नव्हतं. म्हणजे थोरलीने फक्त पांढरी घेतली, काकूंनी फक्त पिवळी. दोन बायकांची अर्धी-अर्धी मतं मिळून एक बाई.

यादीशेजारी एक जुना कागद टाचलेला होता. वर लिहिलं होतं, 'वगळणी व दुरुस्ती'. प्रांताने देशाच्या कार्यालयाला पाठवलेल्या बदलांची ती प्रत होती. पंधरा नावं. कोणाचं घर बदललेलं, कोणाचं वय चुकलेलं. प्रत्येक नावापुढे एकेक अक्षर. सहांपुढे 'पु', नवांपुढे 'म'.

"काका, हा म म्हणजे?" तिने खिडकीतल्या कारकुनाला विचारलं.

"महिला," तो मान वर न करता म्हणाला. "दुसरं काय असणार?"

शंका बाहेर आली आणि पायरीवर बसली. समोरच्या व्हरांड्यातून लोक ये-जा करत होते. कोणाच्याही डोळ्यांसमोर एका वेळी दोन्ही याद्या नव्हत्या.

*

घरी आई भाजी निवडत होती. बाबा नुकतेच आले होते, शर्टाची वरची बटणं सोडून खुर्चीत बसले होते. शंकाने दप्तर खाली ठेवलं नाही.

"बाबा, पु म्हणजे काय?"

"कसलं पु?"

"बदलांच्या कागदावरचं. सहा नावांपुढे होतं."

बाबांचा हात बटणावर थांबला. "पुनर्नोंद," ते म्हणाले.

"पुरुष, बाबा. आणि म म्हणजे महिला. त्यांच्या कार्यालयात ते असंच लिहितात. तुमच्याकडे बायकांना 'स्त्री' लिहितात आणि म म्हणजे मयत. कागदावर वर 'वगळणी' होतं, म्हणून तुम्ही म असलेली नऊ नावं वगळलीत. नऊ जणींना घर बदललं म्हणून, वय चुकलं म्हणून मारून टाकलंत."

"काय बोलतेस तू?" आई म्हणाली.

"आई, थांब ना जरा. मधेच थांबले तर मला नंतर बोलता येणार नाही." तिने दप्तराचा पट्टा घट्ट धरला. "इस्त्रीवाल्या काकू त्या नवांपैकी एक. त्यांनी पिवळं मत दिलं, पांढऱ्या टेबलावर त्यांना मयत ठरवलं, तरी निघताना नियमाप्रमाणे पहिल्या बोटाला शाई लावली. मग त्या थोरल्या जावेचं कार्ड घेऊन परत आल्या. टेबलावरच्या माणसासमोर शाईचं बोट होतं. परका माणूस असता तर त्याने हाकलून दिलं असतं. याने पांढरी पत्रिका दिली आणि पुन्हा शाई लावली, शेजारच्या बोटाला. कारण सही झाली की शाई लावायचीच, असा नियम आहे. नियम मोडतानासुद्धा ज्याला नियम पाळल्याशिवाय राहवत नाही, असा माणूस मला एकच माहीत आहे. माझ्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी 'मजकूर वाचला' असं लिहून खाली सही करतो तो. त्यातला म आणि यादीतला म एकाच हातातला आहे."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

"अहो," आई म्हणाली. "तुम्ही तर म्हणालात, यंदा सगळं सुरळीत झालं."

बाबा जमिनीकडे बघून बोलले.

"पहिल्या तिघी आल्या तेव्हा मला वाटलं, काहीतरी घोटाळा त्यांचाच असेल. नाव नाही म्हटल्यावर 'बरं' म्हणाल्या आणि गेल्या. चौथी ही. ती लगेच गेली नाही. टेबलाला हात टेकून तिने विचारलं, 'मग मी कोण?' तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिच्या मागे फाटकापर्यंत गेलो. म्हटलं, बाई, चूक माझी आहे, पण आज रेघ पुसता येत नाही. तुमच्या जावेचं नाव शाबूत आहे, तिचं कार्ड आणा. कोणाला सांगू नका."

"त्यांनी नाही सांगितलं. अजूनही नाही सांगितलं," शंका म्हणाली.

"माहीत आहे."

"आणि तिच्यानंतरच्या तिघी?"

"त्या पण 'बरं' म्हणाल्या." बाबांनी चष्मा काढला. "त्यांना सांगायला माझ्याकडे तोंडच उरलं नव्हतं."

"जागा चार मतांनी गेली, बाबा. 'बरं' म्हणून परत गेल्या त्या सहा जणी."

"मला मोजता येतं गं." ते पहिल्यांदाच चिडले, आणि लगेच विझले. "एकवीस वर्षांत एक ओळ चुकलो नव्हतो मी. हे बाहेर आलं तर फेरमतदान, चौकशी, माझी नोकरी. वाटलं, त्या बाईचं प्रकरण आपोआप मिटेल. म्हातारी बाई, कोण मनावर घेणार."

"मॅडमनी घेतलंय. उद्या दुपारी पोलिसात देणार आहेत."

आईच्या हातातली भाजी तशीच राहिली. "तुम्हाला हे ठाऊक होतं?" तिने विचारलं.

त्यांनी मान हलवली. हो अशी.

शंकाला वाटलं होतं, कोडं सुटलं की उड्या माराव्याशा वाटतील. मागच्या बाकावरच्या तिघींना फोन करून सांगावंसं वाटेल. तसं काहीच वाटत नव्हतं. समोर बसलेला माणूस लहान दिसत होता, आणि तरीही तिला वाटत होतं की जाऊन त्याच्या खांद्यावर डोकं टेकावं. ती जागची हलली नाही.

"मी लहान होते तेव्हा तुम्हीच मला बोट धरून त्या टेबलांपर्यंत न्यायचात," ती म्हणाली. "पिवळ्या पेटीत काय, पांढऱ्यात काय, सगळं समजावून सांगायचात."

"अगं, बाबांना थोडा वेळ दे," आई हळूच म्हणाली.

"वेळ उद्या दुपारपर्यंतच आहे, आई. म्हणून मी ठरवलंय." तिने वहीचं मागचं पान फाडलं आणि टेबलावर ठेवलं. नऊ क्रमांक, सात खुणा. "उद्या मी शाळेत जाणार नाही. दहा वाजता मॅडमच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसणार आहे. बाबा, तुम्ही आलात तर आत तुम्ही जा, मी बाहेर थांबेन, कितीही वेळ लागला तरी. तुम्ही नाही आलात, तर मी आत जाईन."