पायऱ्या खोटं बोलत नाहीत

"सहाच!" चिमटी धक्क्यावरून किंचाळली.

"मघाशी आठ होत्या. नीट मोज!" ताई ओरडली.

"तूच ये मोजायला! दोन पायऱ्या गिळल्यात पाण्यानं!"

त्यांच्या भावाने, हिशेबनीसाने, वहीत वेळ टाकली: पावणेपाच. सुट्टी लागल्यापासून तो सगळ्याची नोंद ठेवायचा, मावशीच्या शिंकांचीसुद्धा.

तिन्ही भावंडं मावशीकडे आली होती. वादळ आणि पूर एकदम आले तर किनाऱ्याचं काय होईल, हा मावशीच्या अभ्यासाचा विषय. "नुसता पूर समुद्र पोटात घेतो," ती सांगायची. "पण वादळानं समुद्रच फुगला, तर नदीनं जायचं कुठे?"

आज नदी चढत होती, वारा पिसाळला होता आणि सहाला भरती होती. खालच्या आळीत एकशे त्र्याऐंशी माणसं. त्यात पाय प्लास्टरात असलेले एक आजोबा!

तिघं बंदराच्या कचेरीत शिरली. मावशी हात जोडून उभी होती. "साहेब, भोंगा वाजवा! आळी रिकामी करा!"

बंदरसाहेबांच्या फाइली, पेन्सिली आणि मिशा नेहमी एका रेषेत असत. त्यांनी भिंतीवरच्या, पाण्याची उंची कागदावर रेखणाऱ्या यंत्राकडे बोट दाखवलं. "बाई, तुमचा अंदाज तिकडे, माझी सुई इकडे. दुपारपासून पाणी चार बोटंही चढलेलं नाही. बघा, कशी सरळ रेघ!"

"काका, दोन पायऱ्या बुडाल्या!" चिमटी म्हणाली.

"बाळ, पायऱ्यांचं खातं माझ्याकडे नाही."

कोपऱ्यातला शिपाई मात्र एवढ्या गार वाऱ्यात घामाघूम झाला होता. हिशेबनीसाने तेही टिपलं आणि पुटपुटला, "चला, सुईचं दुसरं टोक बघू."

सुईची तार धक्क्याच्या टोकावरच्या पत्र्याच्या खोपटात जात होती. तिथे पाण्यात उभा जाडजूड पाइप, बुडाशी पाणी शिरायला भोक, आत तरंगणारा डबा. डबा वर, की सुई वर. लाटा आपटल्या की पायाखालचे दगड हादरत. चिमटीने ताईचा हात सोडलाच नाही.

ताईने आत बॅटरी मारली. बाहेर समुद्र खवळलेला, पाइपातलं पाणी मात्र हंड्यातल्यासारखं गप्प! तेही बाहेरच्यापेक्षा हातभर खाली!

"पाणी आत येतच नाहीये!"

"ताई, ही सुतळी बघ!" चिमटी म्हणाली. खिळ्याला बांधलेली सुतळी पाइपाच्या बाहेरून खाली गेली होती. तिघांनी जीव खाऊन ओढली. फटकन गोणपाटाचा बोळा वर आला! पाणी घुसलं, डबा उसळला.

कचेरीत सुई उडून थेट कागदाबाहेर गेली. साहेब पांढरेफटक पडले.

"लाटांनी रेघ थरथरायची, साहेब," शिपाई रडकुंडीला आला. "तुम्ही म्हणायचात, गिचमीड नको. म्हणून आज दुपारी पाइपाच्या भोकात बोळा..."

साहेब भोंग्याकडे धावले.

आजोबांना खाटेसकट उचललं. "हळू रे! दुसराही मोडाल!"

सव्वासहाला आळीतल्या खिडक्या पाण्याखाली गेल्या.

टेकडीवरच्या शाळेत हिशेबनीसाने आळीतल्या माणसांची डोकी मोजली. पुन्हा मोजली. "एकशे ब्याऐंशी. एक कमी!"

तेवढ्यात दार उघडलं. छातीपर्यंत भिजलेला शिपाई, आणि त्याच्या पाठीवर बहिऱ्या आजी! भोंगा त्यांना ऐकूच गेला नव्हता.

"एकशे त्र्याऐंशी!" चिमटी नाचली. मावशीने तिघांना एकदम कवेत घेतलं.

"शाबास, पोरांनो," साहेब म्हणाले. "पायऱ्यांचं खातं आजपासून तुमच्याकडे."

वही मागून घेऊन त्यांनी त्या आकड्याखाली सही केली. सही वाकडीतिकडी आली, आणि ती त्यांनी तशीच राहू दिली.